विलंबाचा आरोपी कोण?

रुग्णालयाच्या दारात मृत्यू घडला की संतप्त जमावाला समोर जो दिसतो, तोच त्याच्या लेखी अपराधी ठरतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आणण्यात आला. त्याला मेंदूच्या शल्यविशारदाची गरज होती आणि तेथे असा शल्यविशारद नव्हता. रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागेल, असे सांगणाऱ्या अस्थिरोग विभागातील निवासी डॉक्टरला सोबतच्या लोकांनी असे बेदम मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, सुरक्षारक्षकांची मागणी झाली, न्यायालयाला लक्ष घालावे लागले. मात्र त्या रुग्णाला जी सेवा हवी होती ती तेथे का नव्हती, हा मूळ प्रश्न गदारोळात विरून गेला.

जी गत डोक्याच्या दुखापतीची, तीच पक्षाघाताची. ग्रामीण भाषेत ज्याला लकवा किंवा वारे जाणे म्हणतात, त्या आजारात रुग्णाचे भवितव्य पहिल्या काही तासांत ठरते. ते तास कोठे गेले याचा हिशोब मात्र कोणीच ठेवत नाही. हिशोब नसल्यामुळे ज्याच्या हातून रुग्ण गेला, त्याच्या माथी दोष येतो. ज्यांनी खरोखर वेळ दवडला ते मोकळे राहतात आणि पुढच्या रुग्णाच्या वाट्याला तोच विलंब येतो. म्हणूनच दोष ठरवायचा असेल, तर आधी वेळेची नोंद हवी, हा या लेखाचा आग्रह आहे.

स्कॅनवाचून उपचार का नाहीत?

पक्षाघात दोन प्रकारचा असतो. बहुसंख्य रुग्णांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले तर ते त्याचा जीवच घेईल. कितीही अनुभवी वैद्य असला तरी नाडी पाहून हा भेद खात्रीने सांगता येत नाही. तो सीटी स्कॅन सांगतो. लंडनच्या एका रुग्णालयात ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आज अर्धशतक उलटल्यावर ते यंत्र अपूर्वाईचे राहिलेले नाही. प्रश्न आहे तो ते रुग्णापासून किती तासांवर आहे, याचा.

गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. २०१५ नंतर मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपचारही सर्वमान्य झाला आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो. परंतु मुदत वाढली म्हणजे सवड मिळाली, असे नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकन चेताविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला. तासाला हा आकडा बारा कोटींच्या घरात जातो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून पंचवीस मिनिटांत स्कॅन आणि तासाभरात सुई, असा दंडक घातला तो याचसाठी. अलीकडे तर तो आणखी कडक झाला आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन पुष्कळदा स्वच्छ दिसतो. ‘स्कॅन नॉर्मल होता, मग दुसऱ्या दिवशी लकवा कोठून आला? डॉक्टरांनीच काही चुकीचे दिले,’ असा संशय अनेक घरांत घेतला जातो. वास्तविक पहिल्या स्कॅनचे मुख्य काम रक्तस्राव नाही याची खात्री करणे हे असते. लक्षणे आहेत आणि स्कॅनमध्ये रक्त नाही, हाच गुठळीचे औषध देण्याचा कौल असतो. हे नातेवाइकांना दोन वाक्यांत समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे आणि ते न केल्याने निम्मे वाद उभे राहतात.

डहाणू-तलासरीची वाट

आता हा दंडक घेऊन आपण पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जाऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आणि तलासरीची दीड लाखाच्या आसपास आहे. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ वनवासी समाजाचे आहेत. पश्चिमेला किनारा, चिकूच्या वाड्या आणि रेल्वे, मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि पूर्वेला डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे, अशी येथील रचना आहे.

समजा, अशाच एखाद्या पाड्यावर रात्री नऊ वाजता जेवून झोपलेला पन्नाशीचा शेतकरी पहाटे पाचला उठला तो एक हात न उचलता. घरच्यांना वाटते, वारे गेले. आधी तेल चोळले जाते, मग भगताला बोलावणे जाते. सूर्य वर आल्यावर कोणीतरी शहाणा शेजारी गाडी शोधतो. पाड्यापासून सडकेपर्यंत झोळी, सडकेपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत भाड्याची जीप. तेथील डॉक्टर रक्तदाब तपासतो, सलाइन लावतो आणि चिठ्ठी लिहितो की पुढे न्या. पुढे म्हणजे कोठे? डहाणू, कासा, धुंदलवाडी, की सीमा ओलांडून वापी अथवा सिल्वासा? जेथे न्यायचे तेथे यंत्र आज चालू आहे का, तंत्रज्ञ हजर आहे का, स्कॅन वाचणारा तज्ज्ञ किती वेळात मिळेल, औषध साठ्यात आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीवर नसते. दुपारी दोनला स्कॅन होतो आणि शेवटच्या टप्प्यावरचा डॉक्टर सांगतो की उशीर झाला. हेच वाक्य मग नातेवाइकांच्या मनात राहते आणि ज्याने ते उच्चारले, त्याच्यावरच राग निघतो.

या कहाणीतील विलंबाची वाटणी करून पाहावी. काही तास झोपेत गेले, काही अज्ञानात, काही रस्त्यावर, काही पहिल्या रुग्णालयाच्या अनिश्चिततेत आणि शेवटचा थोडा वेळ दुसऱ्या रुग्णालयात. आरोप मात्र सगळाच शेवटच्या थोड्या वेळावर.

ही केवळ कल्पना आहे असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवती भगिनीला कासा येथून सिल्वासाला हलवावे लागले. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही आणि वाटेतच तिचा अंत झाला. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरजवळील एक जखमी महिला मुंबईच्या वाटेवर महामार्गावरील वाहतूक कोंडीत अडकली आणि रुग्णालय गाठण्यापूर्वीच दगावली. हे रुग्ण पक्षाघाताचे नव्हते. पण वाट तीच आणि अडथळेही तेच. त्यातून या टापूत तीस-पस्तीस किलोमीटरच्या परिघात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश अशा तीन प्रशासनांच्या हद्दी आहेत. १०८ ची सेवा प्रत्येकाची वेगळी, आरोग्य योजनांचे नियम वेगळे. मेंदूतील गुठळीला हद्द कळत नाही. कागदाला मात्र ती कळते.

याच जिल्ह्यातील तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. डहाणूला औष्णिक वीज केंद्र उभे आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. राष्ट्राच्या उभारणीसाठी ज्या भूमीने इतके दिले, तिच्या लेकरांना स्कॅनसाठी दारोदार फिरावे लागू नये, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय?

दोन निवाडे, दोन दारे

दोष कोणाचा, या प्रश्नाला आपल्या न्यायव्यवस्थेने दोन दारे उघडून दिली आहेत. समाजाला त्यांतील एकच ठाऊक आहे.

पहिले दार महाराष्ट्रातीलच एका खटल्याने उघडले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरने फळ्या बांधून पाय स्थिर केला. मग टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणण्यात आले. तेथे पायाची तपासणी झाली, दुसऱ्या रुग्णालयात उपचार झाले आणि त्याच रात्री तो मरण पावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये निकाल लागला. योग्य भूल न देता बळाने हाड बसवल्याबद्दल डॉक्टरला जबाबदार धरण्यात आले. रुग्ण स्वीकारायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही निर्णयांत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने स्पष्ट केले. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात, फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. हे सारे व्यक्तीच्या दोषाचे दार.

दुसरे दार १९९६ मध्ये उघडले. जुलै १९९२ मध्ये बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक केंद्रात सोय नव्हती. कलकत्त्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांत कोठे खाट नाही, कोठे सुविधा नाही, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. स्कॅन खासगी ठिकाणी पैसे मोजून करावा लागला आणि अखेरीस उपचारही खासगी रुग्णालयातच झाले. सर्वोच्च न्यायालयाने येथे कोणा एका डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि त्याला शासन जबाबदार आहे, असा निर्णय दिला. पैसा नाही, ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असेही सुनावले. उपविभागीय पातळीपर्यंत तातडीच्या सोयी वाढवाव्यात, रिकाम्या खाटांची माहिती एका ठिकाणी मिळावी, रुग्णवाहिका सुसज्ज असाव्यात, हे उपाय त्याच निकालात आहेत.

१९९५ च्या निर्णयानुसार सर्वांना विनामूल्य सेवा देणारी शासकीय रुग्णालये ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत, तो खासगी डॉक्टरविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. पाड्यावरचा गरीब मात्र ज्या दवाखान्यात गेला, त्याच्याविरुद्ध तेथे दाद मागू शकत नाही. न्यायाची सोपी वाट बंद असली की दगडाची वाट मोकळी वाटते. ती चुकीचीच आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने रुग्णालयावरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा केला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु दुसरे दार समाजाने ठोठावल्याशिवाय पहिल्या दारावरची गर्दी कमी होणार नाही.

भीतीने होणारा विलंब

दोषारोपाची एक विपरीत फलश्रुती आहे. १९९५ च्या चाचणीत ज्यांना औषध दिले त्यांच्यात किमान किंवा शून्य अपंगत्वाने बरे होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. पण सुमारे सहा टक्के रुग्णांत मेंदूत घातक रक्तस्रावही झाला. आता लहान रुग्णालयातील डॉक्टरच्या जागी आपण उभे राहून पाहावे. औषध दिले आणि रक्तस्राव झाला, तर जमाव, पोलीस, वर्तमानपत्र. औषध न देता ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी दिली, तर रुग्ण आयुष्यभर खाटेवर खिळला तरी त्या चिठ्ठीकडे कोणी बोट दाखवणार नाही. केल्याचा दोष दिसतो, न केल्याचा दिसत नाही. अशा स्थितीत भित्रा माणूस काय निवडेल, हे सांगायला नको. समाजाचा अविचारी राग अशा रीतीने समाजाच्याच रुग्णाला मारतो.

याचा अर्थ डॉक्टरांना सरसकट अभय द्यावे, असा नव्हे. तरुण आहे म्हणून पक्षाघाताची शंकाच न घेणे, अचानक आलेली चक्कर आणि तोल जाणे ‘अशक्तपणा’ म्हणून घरी पाठवणे, स्कॅनची गरज दिसत असताना तासन्‌तास सलाइन लावून ठेवणे, धोका आणि लाभ नातेवाइकांपुढे न मांडणे, रुग्णपत्रिकेत वेळाच न लिहिणे, हे दोषच आहेत आणि त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायचा तरी पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे घड्याळ.

एका कागदाची मागणी

आमची मागणी साधी आहे. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णासोबत एक छापील कागद फिरावा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, रुग्णवाहिका कधी बोलावली आणि कधी आली, पहिल्या रुग्णालयात कधी पोचला, तेथून कधी निघाला, पुढील रुग्णालयाला दूरध्वनी केला का, स्कॅन कधी झाला, तो कोणी आणि कधी वाचला, औषध कधी दिले, आणि दिले नसल्यास का नाही. प्रत्येक टप्प्यावर वेळ आणि सही. त्याची एक प्रत नातेवाइकांना मिळावी. वर्षाअखेरीस जिल्हा शल्यचिकित्सकांनी या कागदांची बेरीज करून विलंब कोठे होतो ते जाहीर करावे. प्रामाणिक डॉक्टरला याहून चांगले चिलखत नाही आणि बेफिकीर व्यवस्थेला याहून मोठा धाक नाही.

दुसरी मागणी यंत्राची. केंद्राच्या २०१५ च्या मोफत निदान सेवेत सीटी स्कॅन जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर धरले गेले. डोंगराळ आणि वनवासी भागासाठी ही पातळी उपजिल्हा रुग्णालयापर्यंत खाली आणली पाहिजे आणि सेवा चोवीस तासांची हवी. चेताविकारतज्ज्ञ तालुक्यात मिळणार नाही, ही सबब आता टिकत नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून दूरस्थ मार्गदर्शनाची योजना चालली. तेथे डोंगरातील रुग्णालयांतील फिजिशियन स्कॅनची चित्रे मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवतात आणि त्याच्या सल्ल्याने जागेवरच औषध देतात. आसामात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्कॅन यंत्र बसवलेली फिरती गाडीच रुग्णाकडे नेण्याचा प्रयोग केला. एकाच सुईत देता येणारे टेनेक्टेप्लेज हे औषध आपल्या पुण्यातच तयार होते. पुण्याचे औषध तलासरीला वेळेवर पोचत नसेल, तर उणीव विज्ञानाची नाही, इच्छाशक्तीची आहे.

तिसरी मागणी हद्दीची. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेशाच्या आरोग्य यंत्रणांनी सीमाभागातील तातडीच्या रुग्णांसाठी लेखी करार करावा. कोणती रुग्णवाहिका कोठवर जाईल आणि खर्च कोणत्या योजनेतून होईल, हे रुग्ण आजारी पडण्यापूर्वी ठरलेले असावे.

समाजाचे काम

शासनाकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. गडचिरोलीतील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. त्यांतील बहुसंख्य मृत्यू घरीच झाले होते. म्हणजे वनवासी भागातील पक्षाघाताचा रुग्ण पुष्कळदा डॉक्टरच्या चुकीपर्यंत पोचतच नाही. आधी त्याला पोचवले पाहिजे.

हे काम गावातला कार्यकर्ता करू शकतो. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यांतील एकही गोष्ट अचानक दिसली तर तो पक्षाघात समजावा, हे प्रत्येक पाड्यावर, शाळेत, बचत गटात सांगावे. तेल, मालिश, अंगारा यात एक मिनिटही घालवू नये. भगतालाही विश्वासात घेऊन सांगावे. पाड्यावर त्याचा शब्द चालतो आणि त्याने ‘आधी दवाखाना’ म्हटले तर तास वाचतील. रुग्णाच्या तोंडात पाणी, अन्न किंवा कोणतीही गोळी घालू नये. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण रक्तस्राव असेल तर ती घात करते. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्यावी. चोवीस तास स्कॅन कोठे होतो, हे दर महिन्याला दूरध्वनी करून विचारावे आणि तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. रक्तदाब तपासणीची शिबिरे भरवावीत, कारण पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे.

आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर जमावाच्या पुढे उभे राहून दगड खाली ठेवायला सांगणाराही कार्यकर्ताच असला पाहिजे. त्याने डॉक्टरची कॉलर धरू नये, वेळांचा कागद मागावा. त्या कागदात डॉक्टरचा दोष दिसला, तर कायद्याने त्याला जाब विचारावा. दोष रस्त्याचा, रिकाम्या पदाचा, बंद यंत्राचा दिसला, तर तो कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात, विधिमंडळात आणि गरज पडल्यास न्यायालयात जावे. रागाला अशी दिशा मिळाली, तरच पाड्यावरच्या पुढच्या रुग्णाला स्कॅन वेळेत मिळेल.